मूत्राशयाच्या कर्करोगाचा प्रसार : रेणवीय दर्शकांचा अभ्यास आणि वैद्याचे कर्तव्य

प्रस्तावना

वेदनारहित रक्तमूत्रता हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत महत्त्वाचे आणि बहुधा पहिले लक्षण होय. पन्नाशी ओलांडलेला, अनेक वर्षे विडी किंवा सिगारेट ओढणारा रुग्ण ‘लघवी लाल झाली होती, पण दुखले नाही आणि दोन दिवसांत आपोआप थांबली’ असे सांगतो. हा रक्तस्राव मधूनमधून होतो, आपोआप थांबतो आणि पुन्हा केव्हा तरी दिसतो. त्यामुळे रुग्ण निर्धास्त राहतो. आपण वैद्यही उष्णवात, अश्मरी किंवा अधोग रक्तपित्त असे निदान करून शीतल, स्तंभक औषधे देतो. रक्त थांबते व त्याचे श्रेय औषधास मिळते. प्रत्यक्षात अर्बुद तेथेच असते आणि दरम्यानच्या काळात ते किती खोल गेले, हाच खरा प्रश्न असतो.

हे अर्बुद पृष्ठभागावरून खोल का शिरते, सर्वच अर्बुदे तसे का करीत नाहीत आणि तसे करणारे अर्बुद आधी ओळखता येते काय, या प्रश्नांचे उत्तर शोधण्यासाठी गेली चार दशके जनुके व प्रथिने यांचा अभ्यास चालू आहे. त्या अभ्यासाचा सारांश वैद्यवर्गापुढे मांडावा आणि त्यातून आपल्या दैनंदिन व्यवहारासाठी काय बोध घ्यावा याचा विचार करावा, हा या लेखाचा हेतू आहे.

मूत्राशयाची भिंत आणि अर्बुदाची खोली

मूत्राशयाच्या भिंतीत आतून बाहेर असे चार थर मानता येतात : मूत्राच्या संपर्कात असणारे आवरणपटल, त्याखालील संयोजी ऊतींचा थर, त्यापलीकडील जाड स्नायूस्तर आणि सर्वांत बाहेरचा मेदस्तर. आवरणपटल व संयोजी थर यांच्यामध्ये पायाभूत पटल असते. अर्बुद आवरणपटलापुरते असल्यास ते ‘टीए’ अवस्थेत, संयोजी थरात शिरल्यास ‘टी१’, स्नायूत शिरल्यास ‘टी२’, मेदस्तरात गेल्यास ‘टी३’ आणि शेजारच्या अवयवांत गेल्यास ‘टी४’ अवस्थेत गणले जाते. याशिवाय एक सपाट, उंचवटा नसलेला पण अत्यंत विकृत पेशींचा प्रकार आहे. त्यास ‘कार्सिनोमा इन सिटू’ म्हणतात. तो पृष्ठभागावर असला तरी स्वभावाने घातक असतो.

निदानाच्या वेळी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत अर्बुद स्नायूपर्यंत पोहोचलेले नसते. अशा वेळी दुर्बिणीतून अर्बुद खरवडून काढणे व आवश्यकतेनुसार मूत्राशयात औषध सोडणे या उपायांनी अवयव वाचतो. अल्व्हारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेली बीसीजी चिकित्सा याच अवस्थेसाठी आजही वापरात आहे. स्नायूत शिरल्यावर मात्र बहुतेकदा संपूर्ण मूत्राशय काढण्याची शस्त्रक्रिया, रसायनोपचार किंवा किरणोपचार यांचाच विचार करावा लागतो. केवळ काही मिलिमीटरांच्या या अंतरावर रुग्णाचे भवितव्य अवलंबून असते.

एकाच अवयवातील दोन मार्ग

मूत्राशयाच्या कर्करोगाचा अभ्यास कर्कजनुकांच्या इतिहासाशी जोडलेला आहे. ‘टी२४’ नावाच्या मूत्राशय-कर्कपेशींच्या वाणातून १९८२ मध्ये ‘एच-रास’ हे जनुक वेगळे करण्यात आले. त्यातील केवळ एका अक्षराच्या बदलाने, म्हणजे प्रथिनाच्या बाराव्या स्थानी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन आल्याने, निरोगी जनुक कर्कजनक होते असे दिसून आले. मानवी अर्बुदात असा बिंदुबदल प्रथमच सिद्ध झाला होता.

पुढील संशोधनातून या रोगाचे दोन मार्ग स्पष्ट झाले. पहिल्या मार्गात फुलकोबीसारखी, देठावर वाढणारी निम्न श्रेणीची अर्बुदे होतात. त्यांपैकी बहुसंख्य अर्बुदांत ‘एफजीएफआर-३’ या ग्राहक प्रथिनाच्या जनुकात बदल आढळतो. ही अर्बुदे वारंवार परत येतात, परंतु स्नायूत क्वचितच शिरतात. दुसऱ्या मार्गात प्रथम सपाट विकृती होते, ‘पी५३’ व ‘आरबी’ ही संरक्षक जनुके निकामी होतात आणि अर्बुद लवकर खोल जाते. नवव्या गुणसूत्राच्या भागांचा नाश दोन्ही मार्गांत आरंभीच दिसतो. २०१३ पासून ‘टर्ट’ जनुकाच्या नियंत्रक भागातील बदलही दोन्ही मार्गांत मोठ्या प्रमाणावर आढळू लागले. त्यामुळे हे बदल रोग आहे की नाही हे ओळखण्यास उपयुक्त आहेत, पण रोग खोल जाईल काय हे सांगण्यास तितके उपयुक्त नाहीत.

येथे एक भेद लक्षात ठेवणे इष्ट आहे. रोगाचे अस्तित्व सांगणारा, रोगाची गती सांगणारा आणि विशिष्ट औषध लागू पडेल काय हे सांगणारा, असे दर्शकांचे तीन प्रकार आहेत. एका प्रकारचा दर्शक दुसऱ्या कामासाठी वापरल्यास फसगत होते. दोन्ही मार्गांमधील भिंतही अभेद्य नाही. ‘एफजीएफआर-३’ बदल असलेल्या अर्बुदात पुढे नवव्या गुणसूत्रावरील ‘पी१६’ प्रथिनाचे जनुक नष्ट झाले, तर तेही आक्रमक होऊ शकते.

पी५३ : एका दर्शकाची कथा

सतराव्या गुणसूत्रावरील ‘पी५३’ जनुकाचे प्रथिन पेशीतील जनुकद्रव्यास इजा झाली की पेशीविभाजन थांबवते. दुरुस्ती शक्य नसेल तर ते पेशीला मरणाकडे नेते. निरोगी पेशीत हे प्रथिन लवकर विघटित होते. बदललेले प्रथिन मात्र टिकून राहते व केंद्रकात साचते. म्हणून ऊतीच्या कापास विशेष रंग दिल्यावर केंद्रके गडद दिसली, तर ‘पी५३’ बिघडले असावे असे अनुमान काढतात.

मूत्राशय काढलेल्या २४३ रुग्णांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्रकात ‘पी५३’ साचलेल्या रुग्णांत रोग परतण्याचे व मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे त्यात आढळले. त्यावरून अशा रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर रसायनोपचार दिल्यास लाभ होईल असा विचार पुढे आला आणि त्याची रीतसर परीक्षा झाली. या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. जवळजवळ पाचशे रुग्ण नोंदवले गेले, परंतु चिठ्ठ्यांच्या पद्धतीने विभागणी झालेले रुग्ण त्यांच्या सुमारे पाव भागच होते. रसायनोपचाराचा लाभ तर दिसला नाहीच, शिवाय ‘पी५३’च्या स्थितीवरून रोगाचे भवितव्य ठरते हेही त्या रुग्णांत सिद्ध झाले नाही.

याची कारणे उद्बोधक आहेत. काही बदलांत प्रथिन साचण्याऐवजी तयारच होत नाही. अशी पेशी रंगचाचणीत निरोगी भासते. रंग किती टक्के केंद्रकांत दिसला म्हणजे चाचणी सकारात्मक मानावी, याबाबतही प्रयोगशाळांत एकवाक्यता नव्हती. जनुकाचे कार्य खरे असले तरी त्यावर आधारलेली चाचणी आणि त्या चाचणीवर आधारलेली चिकित्सा यांची परीक्षा स्वतंत्रपणे व्हावी लागते. केवळ एका दर्शकावर विसंबू नये हा धडा या विषयातील संशोधकांना येथे मिळाला. ‘पी५३’सोबत ‘पी२१’, ‘पी२७’, ‘आरबी’ व पेशीविभाजनाची गती सांगणारे ‘की-६७’ यांचा एकत्रित विचार करण्याची पद्धत त्यानंतर अधिक रूढ झाली.

पेशींची पकड सुटते तेव्हा

अर्बुदाची वाढ आणि अर्बुदाचा प्रसार या दोन वेगळ्या घटना आहेत. प्रसारासाठी पेशीला प्रथम शेजारील पेशींची पकड सोडावी लागते. ही पकड ‘ई-कॅडहेरिन’ नावाच्या प्रथिनाने साधलेली असते. ते पेशीच्या पृष्ठभागावर असते, कॅल्शियमच्या साहाय्याने शेजारील पेशीतील तशाच प्रथिनाशी जोडले जाते आणि पेशीच्या आत ‘कॅटेनिन’ प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्याशी बांधलेले असते. विटांमधील चुन्याप्रमाणे त्याचे कार्य समजावे. खोल शिरणाऱ्या अर्बुदांत ‘ई-कॅडहेरिन’ कमी झालेले किंवा पेशीच्या कडेवरून हटलेले आढळते आणि त्याच्या जागी ‘एन-कॅडहेरिन’ व ‘व्हायमेंटिन’ वाढतात. ‘स्नेल’, ‘ट्विस्ट’ व ‘झेब’ ही नियंत्रक प्रथिने हा बदल घडवतात. आवरणपेशी आपला स्थिर स्वभाव सोडून संयोजी पेशीप्रमाणे चल होते.

या तत्त्वाचे ठळक उदाहरण म्हणजे मूत्राशयाच्या कर्करोगाचा ‘प्लाझ्मासायटॉइड’ हा दुर्मीळ प्रकार. यातील बहुसंख्य अर्बुदांत ‘ई-कॅडहेरिन’चे जनुकच निकामी झालेले असल्याचे २०१६ मध्ये दाखवण्यात आले. या प्रकारातील पेशी सुट्या सुट्या राहतात, गाठ न बनवता ऊतींमधून पसरतात आणि उदरावरणापर्यंत पोहोचतात.

पायाभूत पटल, रक्तवाहिन्या आणि दूरचा प्रवास

पकड सुटलेल्या पेशीपुढे पहिला अडथळा पायाभूत पटलाचा असतो. या पटलातील चौथ्या प्रकारचे कोलॅजन विरघळवणारी ‘एमएमपी-२’ व ‘एमएमपी-९’ ही विकरे आक्रमक अर्बुदांत वाढलेली आढळतात. त्यांना आवरणारी ‘टिंप’ ही प्रथिनेही शरीरात असतात. दोहोंचा तोल बिघडला की पटल भेदले जाते. ही विकरे केवळ कर्कपेशीच स्रवतात असे नाही. अर्बुदाभोवतालच्या संयोजी व दाहजन्य पेशीही त्यांची निर्मिती करतात. म्हणून अर्बुदाइतकाच त्याच्या परिसराचाही अभ्यास करावा लागतो.

अर्बुद वाढत गेले की त्यास रक्तपुरवठा हवा असतो. ‘व्हीईजीएफ’ हे प्रथिन नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास उत्तेजन देते, तर ‘थ्रोम्बोस्पॉन्डिन-१’ त्यांना रोखते. ‘पी५३’ बिघडल्यास हा रोधक कमी होतो. ‘व्हीईजीएफ-सी’ व ‘डी’ हे प्रकार लसीकावाहिन्या वाढवतात. कटिरातील लसीका ग्रंथी हे या रोगाच्या प्रसाराचे पहिले ठिकाण असते. त्यानंतर फुप्फुस, यकृत व अस्थी यांचा क्रम लागतो.

प्रसार रोखणारी जनुकेही सापडली आहेत. ‘टी२४’ वाण व त्यापासून निघालेला अधिक आक्रमक ‘टी२४टी’ वाण यांची तुलना केली असता दुसऱ्यात ‘रो-जीडीआय-२’ हे प्रथिन घटलेले आढळले. ते पुन्हा पुरवले असता प्राण्यांमधील प्रसार मंदावला, असे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ अर्बुदाच्या वाढीवर मात्र त्याचा तसा परिणाम दिसला नाही. वाढ व प्रसार या भिन्न घटना आहेत, याचा हा प्रायोगिक पुरावा होय.

मूत्रातील दर्शक

मूत्रातील कर्कपेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत पापानिकोलाउ व मार्शल यांनी १९४५ मध्ये मांडली. उच्च श्रेणीच्या अर्बुदांत व सपाट विकृतीत ती चांगली उपयोगी पडते. निम्न श्रेणीची अर्बुदे मात्र तिच्या नजरेतून बहुधा निसटतात. ‘एनएमपी-२२’ हे केंद्रकातील प्रथिन मूत्रात मोजण्याची चाचणी १९९० च्या दशकात आली. अश्मरी, जंतुसंसर्ग किंवा साधा रक्तस्राव असतानाही ती सकारात्मक येऊ शकते. ‘युरोव्हिजन’ चाचणीत मूत्रातील पेशींची तिसरी, सातवी व सतरावी गुणसूत्रे आणि नवव्याचा एक भाग रंगवून पाहतात. यांपैकी कोणतीही चाचणी दुर्बिणीच्या तपासणीची जागा घेऊ शकलेली नाही. मूत्राची चाचणी नकारात्मक आली म्हणून दुर्बिणीची तपासणी टाळणे चुकीचे ठरते.

उपप्रकार आणि चिकित्सा

स्नायूत शिरलेल्या अर्बुदांचा व्यापक जनुकीय आराखडा अमेरिकेतील कर्करोग जनुकसंच प्रकल्पाने प्रथम २०१४ मध्ये १३१ व नंतर २०१७ मध्ये ४१२ अर्बुदांवरून मांडला. पुढे २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने अशा अर्बुदांचे सहा वर्ग निश्चित केले. त्यांतील ‘ल्युमिनल’ वर्गांत आवरणपटलाच्या वरच्या थराचे गुण टिकून असतात आणि ‘गाटा-३’ सारखे दर्शक आढळतात. ‘बेसल’ वर्गात तळच्या थराचे गुण व ‘सायटोकेरॅटिन-५’ आढळते व रोग अधिक उग्र असतो.

या ज्ञानाचा चिकित्सेत उपयोग होऊ लागला आहे. ‘एफजीएफआर’ जनुकातील बदल असलेल्या प्रसृत रोगासाठी ‘एर्डाफिटिनिब’ या औषधास अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षी ‘नेक्टिन-४’ या पृष्ठप्रथिनास लक्ष्य करणारे ‘एनफोर्टुमॅब व्हेडोटिन’ मान्य झाले आणि २०२३ मध्ये ‘पेम्ब्रोलिझुमॅब’सोबत ते प्रसृत रोगाच्या पहिल्या चिकित्सेतही आले. शस्त्रक्रियेनंतर रक्तात अर्बुदाच्या जनुकद्रव्याचे तुकडे सापडल्यास रोग परतण्याचा धोका मोठा असतो, असे २०२१ मध्ये दाखवण्यात आले.

संहितांच्या प्रकाशात

सुश्रुताचार्यांनी अर्बुद हे स्थिर, विस्तृत मूळ असलेले, हळू वाढणारे व न पिकणारे असे वर्णिले आहे. पूर्वीच्या अर्बुदावर होणारे अध्यर्बुद, तसेच एकाच वेळी किंवा क्रमाने होणारे द्विरर्बुद यांनाही त्यांनी असाध्य म्हटले. मूत्राशयात एकाच वेळी अनेक ठिकाणी व पुनःपुन्हा होणारी अर्बुदे पाहिली की या वर्णनाचे स्मरण होते. अशी अनेक अर्बुदे मूळ एकाच पेशीची संतती असू शकतात, असे १९९२ मधील अभ्यासाने दाखवले. षट्क्रियाकालातील प्रसर व स्थानसंश्रय या कल्पनाही प्रसाराचा विचार करताना आठवतात. तथापि हे साधर्म्य आहे, समीकरण नव्हे. अमुक दोष म्हणजे अमुक जनुक असे मांडणे शास्त्रावर व संशोधनावर सारखाच अन्याय करणारे ठरेल.

याहून उपयुक्त आहे तो संहितांचा निदानविवेक. प्रमेहाची पूर्वरूपे नसताना मूत्र रक्तवर्ण झाले तर तो प्रमेह न मानता रक्तपित्त मानावे, असे चरकाचार्य सांगतात. केवळ रंगावरून निदान करू नये, लक्षणामागील व्याधी शोधावा हाच त्याचा आशय. बस्ती हे सद्यःप्राणहर मर्म आहे. त्या स्थानाच्या विकारात विलंब क्षम्य नाही.

ईश्वरीचा धडा

वैद्यवर्गाने या विषयाकडे विशेष लक्ष द्यावे असे आणखी एक कारण आहे. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी वजन घटवण्यासाठी चिनी वनौषधी घेतलेल्या स्त्रियांमध्ये वृक्क झपाट्याने निकामी होऊ लागले. ‘स्टेफानिया’ या वनस्पतीच्या जागी चिनी नावातील साम्यामुळे ‘ॲरिस्टोलोकिया’ ही वनस्पती मिसळली गेली होती. पुढे या रुग्णांपैकी ३९ जणांची वृक्के व मूत्रवाहिन्या प्रतिबंधक उपाय म्हणून काढण्यात आल्या. त्यांपैकी १८ जणांत मूत्रमार्गाच्या आवरणपटलाचा कर्करोग आढळला. हा अहवाल २००० मध्ये प्रसिद्ध झाला. या वनस्पतीतील अम्ल जनुकद्रव्यास चिकटते व ‘पी५३’ जनुकात ॲडेनिनच्या जागी थायमिन आणणारा विशिष्ट बदल घडवते. हा बदल हस्ताक्षराप्रमाणे ओळखता येतो. त्यामुळे कर्करोगाचे कारण वर्षांनंतरही सांगता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या अम्लास मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या गटात ठेवले आहे.

आपल्याकडील ईश्वरी व कीडामारी या वनस्पती याच कुळाच्या व याच प्रजातीच्या आहेत. त्या परंपरेने वापरात आहेत म्हणून निर्दोष आहेत असे मानता येणार नाही. त्यांचा आभ्यंतर प्रयोग टाळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. द्रव्याची अचूक ओळख, नामसाम्यामुळे होणारी गफलत आणि बाजारातील भेसळ हे प्रश्न केवळ द्रव्यगुणाच्या परीक्षेपुरते नाहीत.

दुसऱ्या बाजूस हरिद्रेतील कर्क्युमिनाने कर्कपेशींमधील दाहकारक संकेत व वर उल्लेखिलेली विकरे कमी होतात, असे प्रयोगशाळेतील निष्कर्ष वारंवार उद्धृत केले जातात. परीक्षानळीतील पेशींना मिळणारी मात्रा मुखाने घेतलेल्या हरिद्रेतून रक्तात पोहोचत नाही, कारण कर्क्युमिनाचे शोषण अत्यल्प आहे. अशा निष्कर्षांवरून रुग्णास शस्त्रक्रिया लांबवण्याचा सल्ला देणे अनुचित होय. ‘पी५३’च्या कथेत जो कठोर न्याय आधुनिक दर्शकास लावला गेला, तोच आपल्या द्रव्यांनाही लागू व्हावा.

चिकित्सालयातील मार्गदर्शक सूत्रे

१. प्रौढ वयातील वेदनारहित रक्तमूत्रता एकदाच झाली व थांबली असली, तरी मूत्रपरीक्षा, सोनोग्राफी व मूत्ररोगतज्ज्ञाकडून दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. केवळ सोनोग्राफी निर्दोष आली म्हणून थांबू नये, कारण सपाट विकृती तीत दिसत नाही.

२. मूत्रदाह व वारंवार मूत्रप्रवृत्ती असून जंतुसंसर्ग सापडत नसेल, तर सपाट विकृतीची शंका घ्यावी. स्त्रियांमध्ये वारंवार ‘संसर्ग’ समजून होणारा विलंब टाळावा.

३. तंबाखूचा इतिहास अवश्य विचारावा. सुमारे निम्म्या रुग्णांत धूम्रपान हेच कारण असते. व्यवसायही विचारावा. रंगकारखान्यातील कामगारांतील या रोगाची नोंद लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच केली होती.

४. दुर्बिणीतून काढलेल्या अर्बुदाच्या अहवालात श्रेणी, खोली आणि तुकड्यात स्नायू आला होता किंवा नाही, या तीन गोष्टी पाहाव्यात. स्नायू नसल्यास ‘खोल गेलेले नाही’ असे म्हणता येत नाही. पुनश्च तपासणी लागू शकते.

५. सिस्प्लॅटिन देता येईल किंवा नाही हे मुख्यतः वृक्काच्या कार्यक्षमतेवर ठरते. म्हणून अशा रुग्णास वृक्कावर भार टाकणारी औषधे व रसकल्प देऊ नयेत. दिलेल्या प्रत्येक औषधाची माहिती कर्करोगतज्ज्ञास लेखी कळवावी.

६. बीसीजी किंवा शस्त्रक्रियेनंतरही दुर्बिणीच्या तपासण्या वेळापत्रकाप्रमाणे चालू ठेवण्यास रुग्णास प्रवृत्त करावे. अग्निरक्षण, बल्य आहार, निद्रा, मलप्रवृत्ती आणि धूम्रपानत्याग यांत वैद्याचे साहाय्य मोलाचे ठरते.

समारोप

अनेक दशकांच्या संशोधनाने अर्बुद खोल कसे जाते याची बरीच पायरीवार माहिती दिली आहे : संरक्षक जनुकांचा नाश, पेशींची सुटलेली पकड, पटलाचा भेद, नव्या वाहिन्या आणि दूरचा प्रवास. यांतील प्रत्येक पायरीला काळ लागतो. ज्या काळात हे घडते त्याच काळात रुग्ण आपल्या चिकित्सालयात बसलेला असतो. या दर्शकांची तपासणी मोठ्या रुग्णालयात होईल, परंतु रुग्णास तेथे वेळेवर पाठवणे हे आपल्या हाती आहे. लाल मूत्राचा थेंब थांबवण्यापूर्वी तो कोठून आला हे शोधणारा वैद्य त्या रुग्णाचे मूत्राशय, आणि पुष्कळदा त्याचे आयुष्य, वाचवतो.